आमचा मारुती ‘वियर्ड’ आहे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं एकाच अडचणीची आहेत. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं, की त्याला इंग्रजीत म्हणायचं काय? म्हणून हा अंक त्या शब्दांना दिला आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त लागली, ते पत्रच तसं आहे.

प्रश्न : बाई, मी शनिवार-रविवारी पाहुण्यांना पेठांमधून पायी फिरवते, जुनी देवळं आणि वाडे दाखवते. गेल्या महिन्यात सहा परदेशी पाहुणे होते. पुण्यातल्या देवांची नावं सांगताना मी म्हणाले, ‘अवर गॉड्ज हॅव व्हेरी वियर्ड नेम्स.’ पाहुणे हसले. देवळाच्या ओट्यावर एक आजी फुलवाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि मराठीत विचारलं, ‘वियर्ड म्हणजे विचित्र ना गं? आमचा मारुती विचित्र आहे का?’ मला उत्तर सुचेना. घरी येऊन शब्दकोश काढला, तर वियर्ड, स्ट्रेंज, ऑड, पिक्युलिअर, क्वर्की, बिझार, सगळ्यांपुढे ‘विचित्र, चमत्कारिक’ एवढंच. मी काय म्हणायला हवं होतं? (एक वाचक, कसबा पेठ, वय 24)

उत्तर : वयाने तू मला नातीसारखी, म्हणून एकेरीत लिहिते. आजींना लागलं ते योग्यच आहे आणि तुझ्या मनात वाईट नव्हतं हेही मला दिसतंय. घोळ कोशाने घातला. सहा शब्दांपुढे एकच ‘विचित्र’ लिहायचं म्हणजे हळद, केशर आणि बेसन या तिन्ही डब्यांवर ‘पिवळं’ अशी चिठ्ठी चिकटवायची. मग स्वयंपाक करणाऱ्याने काय करावं?

वियर्ड हा शब्द मुळात विशेषण नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘विर्ड’ आणि अर्थ नशीब, विधिलिखित. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणींना ‘वियर्ड सिस्टर्स’ म्हटलंय, ते त्या चमत्कारिक दिसतात म्हणून नव्हे. माणसाचं प्राक्तन त्यांना ठाऊक आहे, म्हणून. आपल्याकडची सटवाई आठव. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री येऊन कपाळावर अक्षरं लिहून जाते ती. माझ्या आजोळी त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवत आणि दिवा विझू देत नसत. आता याच देवीच्या नावाचं आपण पुढे काय केलं बघ. ‘सटवे!’ ही शिवी झाली. नशीब लिहिणारीची भीती वाटते, भीतीतून तिटकारा येतो, आणि शब्द खाली घसरतो. वियर्डचंही असंच झालं. आज इंग्रजी बोलणारी तरुण मुलं तो सहज, येता-जाता वापरतात, पण शब्दाच्या तळाशी अजून ‘इथे काहीतरी बरोबर नाही’ ही भावना बसलेली आहे. आजींनी कोश न उघडता ती ओळखली.

स्ट्रेंज आणि आउटलँडिश हे दोघे बाहेरचे. स्ट्रेंजच्या मुळाशी लॅटिनमधला ‘बाहेरचा, परका’ आहे, म्हणून अनोळखी माणूस स्ट्रेंजर. आउटलँडिश म्हणजे तर उघडच, परमुलखातला. आपणही एखाद्याला झपाटलं की ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणतो. तेव्हा पेठेतल्या देवाला स्ट्रेंज म्हणणं पाहुण्याच्या तोंडी शोभेल एकवेळ. तू म्हणू नयेस. तू तर आतली आहेस.

मग काय म्हणावं? माझी रीत सांगते. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी तेच वाक्य आजींच्या तोंडावर मराठीत बोलून बघायचं. ‘आजी, आमच्या पुण्यात देवांची नावं मोठी गमतीची आहेत हो.’ हे ऐकून त्या चिडल्या असत्या का? उलट फुलवाती बाजूला ठेवून चार नावं आणखी सांगितली असती त्यांनी. हे ‘गमतीची’ म्हणजे क्वर्की. क्वर्क म्हणजे लकब, एखाद्याची छोटीशी खोड, जिच्यामुळे तो ओळखू येतो आणि आवडतोही. पासोड्या विठोबा, कारण जवळ पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं, विकायला बसत. जिलब्या मारुती, कारण शेजारी जिलब्यांचं दुकान होतं असं सांगतात. निवडुंग्या विठोबा निवडुंगाच्या झाडोऱ्यात सापडला म्हणून. ही नावं कुणा पंडिताने ठेवलेली नाहीत. पत्ता सांगताना लोकांच्या तोंडी पडून गेली आणि देवाला चिकटली. त्यांना क्वर्की म्हणताना त्यात जिव्हाळा येतो.

पिक्युलिअरही चालेल, पण जपून. हा शब्द मला फार आवडतो. लॅटिनमध्ये ‘पेकु’ म्हणजे गुरंढोरं. गुरं हीच मालमत्ता, म्हणून ‘पेकुलियम’ म्हणजे स्वतःच्या मालकीची चीज, आणि त्यावरून पिक्युलिअर म्हणजे ज्याचं त्याचं, खास आपलं. आपलं ‘पशुधन’ त्याच वाटेने आलंय. म्हणून नुसतं ‘पिक्युलिअर नेम्स’ म्हटलंस तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडेल. ‘धिस हॅबिट इज पिक्युलिअर टु द ओल्ड पेठ्स’ असं म्हटलंस, तर अर्थ होईल ‘ही आमच्या पेठांची खासियत’. एका छोट्या ‘टु’ने शब्द पुन्हा आपल्या गोठ्यात येतो.

आणि एकच शब्द सगळ्या देवांना वापरू नकोस. सदाशिव पेठेतल्या खुन्या मुरलीधराला क्वर्की म्हणवत नाही, कारण त्या नावामागे पेशवाईतल्या चकमकीत सांडलेलं रक्त आहे. तिथे ‘अ स्टार्टलिंग नेम’ म्हण, ऐकताच दचकवणारं. डुल्या मारुतीची कथा तुला माहीत असेलच. पानिपतावर मराठी सैन्य कापलं जात होतं, 14 जानेवारी 1761, आणि इकडे गणेश पेठेत मारुतीची मूर्ती डुलायला लागली. या कथेला इंग्रजीत नेमका शब्द आहे, अनकॅनी. स्कॉटलंडच्या बोलीत कॅनी म्हणजे जाणता, ज्याच्यापासून धोका नाही असा. अनकॅनी म्हणजे ओळखीचं असूनही अंगावर काटा आणणारं. रोजचा शेंदूर फासलेला मारुती, आणि तो हलतो. आणि उपाशी विठोबाला तर ‘विचित्र’च्या कुळातला कुठलाच शब्द देऊ नकोस. नाव सांगून जरा थांब, पाहुणे आपण होऊन विचारतील.

एक सावधगिरी तू न विचारता देते, कारण तू वाडेही दाखवतेस. ‘क्वेंट’ हा शब्द तुझ्या जिभेवर येईल. लाकडी खांब, चौकातलं तुळशीवृंदावन, जिन्याची कडी, हे सगळं क्वेंट, म्हणजे जुन्या वळणाचं आणि गोड. पण जिथे माणसं राहतात, पावसाळ्यात गळक्या कौलांखाली पातेली मांडतात, त्या घराला त्यांच्यादेखत क्वेंट म्हणू नये. तो लांबून बघणाऱ्याचा शब्द आहे. राजा केळकर संग्रहालयात काचेमागचे अडकित्ते आणि दिवे दाखवताना तो बिनधास्त वापर, तिथे तो शोभतो.

आजींकडे परत जा. त्यांच्यासाठी एक वाक्य मराठीतच तयार ठेव.

प्रश्न : भोसरीत एका कारखान्याच्या टूल-रूममध्ये 22 वर्षं आहे. माझा डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं मापाचं साधन, मी कोणाला देत नाही, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतो. ड्रॉइंगवर स्वतःच्या खुणा तांबड्या-निळ्या पेन्सिलीने करतो. इंग्लंडहून आलेले साहेब हे बघून हसत म्हणाले, ‘यू आर अ बिट एक्सेंट्रिक.’ आमच्याकडे एक्सेंट्रिक लागलेला जॉब स्क्रॅपमध्ये जातो. मी राग धरावा का? (एक वाचक, भोसरी)

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. माझे वडील पिंपरीला टर्नर होते. हा शब्द मी कोशातून शिकले नाही. लेथवर शिकले.

आठवीत होते. दसऱ्याला, यंत्रांची पूजा असते त्या दिवशी, वडील मला कारखान्यात घेऊन गेले होते. झेंडूच्या माळा घातलेल्या लेथवर त्यांनी फोर-जॉ चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, एक गोल जॉब बांधला, वर डायल टेकवला आणि चक हाताने सावकाश फिरवायला लावला. काटा जागचा हलेना. ‘बघ, मध्यावर आहे.’ मग त्यांनी एक जबडा किंचित सैल केला, समोरचा आवळला, पुन्हा फिरव म्हणाले. आता काटा पुढे जाई, मागे येई, पुढे जाई, मागे येई. मी मोजलं, सहा मिलिमीटर. वडील म्हणाले, ‘काटा सहा फिरला म्हणजे मध्य तीन सरकला. याला एक्सेंट्रिक म्हणतात.’ मी विचारलं, बिघडला का जॉब? ते म्हणाले, ‘ड्रॉइंगमध्ये नसताना सरकला तर बिघडला. ड्रॉइंगमध्ये असेल तर त्याच्याइतकं नाजूक काम नाही. गोल फिरणाऱ्या शाफ्टवर हा असला सरकलेला मध्य बसवला, की वर-खाली हालचाल मिळते. समोरची पॉवर प्रेस त्याच्यावरच चालते.’

शब्दाचा इतिहासही तुमच्या बाजूचा आहे. ग्रीकमध्ये ‘एक’ म्हणजे बाहेर आणि ‘केंट्रॉन’ म्हणजे टोकदार काटा, कंपासचं रोवलेलं टोक. आपलं ‘केंद्र’ त्याच केंट्रॉनवरून, ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात आलं. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी आहे असं मानत होते, त्या काळी टॉलेमीसारख्या ज्योतिर्विदांना ग्रह कधी जलद, कधी मंद का दिसतात हे बसवता येईना. मग त्यांनी ग्रहांची अशी वर्तुळं कल्पिली, ज्यांचा मध्य पृथ्वीवर नसून थोडा बाजूला आहे. ती एक्सेंट्रिक वर्तुळं. माणसाला हा शब्द लागला तो नंतर. त्यामुळे त्याच्यात बिघाड नाही. एवढंच आहे की हा माणूस फिरतो नीट, फक्त त्याचा मध्य चारचौघांच्या मध्यावर नाही.

आपले कोश एक्सेंट्रिकपुढे ‘विक्षिप्त’ लिहितात, ते मला पटत नाही. विक्षिप्त म्हणजे फेकलं गेलेलं, ज्याचं चित्त विखुरलंय असा. त्यात माणूस हाताबाहेर गेल्याची तक्रार आहे. एक्सेंट्रिकला ‘तऱ्हेवाईक’ जवळचा, कारण त्याच्यात तऱ्हा आहे, म्हणजे स्वतःची एक पद्धत. इंग्रज माणूस हा शब्द हसून उच्चारतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा कौतुक असतं. लुगड्यात गुंडाळलेला डायल बघून ज्याला हा शब्द सुचला, त्याने तुम्हाला नीट पाहिलं. राग धरू नका. उद्या त्यांना सांगा, ‘येस सर, बाय डिझाइन.’ ते समजतील.

प्रश्न : माझी 19 वर्षांची मुलगी जेवताना म्हणाली, ‘आई, मी क्विअर आहे.’ शाळेत आम्हाला क्विअर म्हणजे विचित्र असं शिकवलं होतं. मी पटकन म्हणून गेले, ‘स्वतःला असलं काही म्हणू नये.’ ती ताटावरून उठली. आता आठ दिवस आम्ही कामापुरतं बोलतो. त्या शब्दाचा अर्थ मला नीट सांगाल का? (एक आई, सिंहगड रोड)

उत्तर : ताई, तुम्ही शिकलात तो अर्थ खरा होता. मीही वर्गात तोच शिकवला आहे. सोळाव्या शतकापासून इंग्रजीत क्विअर म्हणजे वेगळं, संशयास्पद, कधी ‘बरं वाटत नाही’ अशा अर्थीही. मग विसाव्या शतकात तो समलिंगी माणसांवर दगडासारखा फेकला गेला. आणि 1990च्या आसपास अमेरिकेत त्याच माणसांनी तो दगड उचलून स्वतःच्या घराच्या पायात बसवला. ‘हो, आम्ही क्विअर आहोत’ असं त्यांनी स्वतःच म्हटल्यावर फेकणाऱ्याचा हात रिकामा झाला. आज हा शब्द बरंच काही सामावून घेतो. कुणावर प्रेम वाटतं, स्वतःला बाई समजावं की पुरुष की दोन्ही नाही, या बाबतीत जे रूढ चौकटीत बसत नाहीत, ते सगळे त्यात येतात. म्हणजे तुमची मुलगी ‘मी विचित्र आहे’ असं म्हणाली नाही. ‘मी अशी आहे आणि मला त्याची लाज नाही’ असं ती म्हणाली. आणि ते तिने सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं असेल.

कायद्याचं भय मनात असेल तर तेही काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी कलम 377 मधला, सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. आपल्या पुण्यात 2011 पासून प्राइडची पदयात्रा निघते आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. हा शब्द ज्याने स्वतःसाठी निवडला त्याच्या तोंडी तो अभिमानाचा आहे. ज्याने निवडला नाही, त्याला आपण होऊन लावला तर अजूनही लागतो, विशेषतः जुन्या पिढीतल्या माणसांना. म्हणून तुम्ही तो शेजारपाजारी वापरू नका. मुलीशी बोलताना तिलाच विचारा की तिला कोणता शब्द हवा. आज रात्री तिच्या आवडीचं काही करा आणि एवढंच म्हणा, ‘त्या शब्दाचा मला जुनाच अर्थ माहीत होता गं. नवा तू सांग.’ पुढचं तिला बोलू द्या, मध्ये थांबवू नका. आठ दिवस फार झाले, आणखी जाऊ देऊ नका.

प्रश्न : मी सातवीत आहे. वियर्डचं स्पेलिंग नेहमी चुकतं. आणि बिझार आणि बझार यात पण घोळ होतो. (एक विद्यार्थी, बिबवेवाडी)

उत्तर : बाळा, ‘आय आधी, ई नंतर’ हा नियम तुला शिकवला असेल. वियर्ड तो पाळत नाही. डब्ल्यू, ई, आय, आर, डी. ‘वी’ म्हणजे आम्ही, ते पहिल्या दोन अक्षरांत आहे, असं ध्यानात ठेव. बझार हा फारसीतून आलेला आपला बाजार, त्यात ए तीन वेळा येतो. बिझार म्हणजे पाहूनही विश्वास बसू नये इतकं भलतंच, आणि त्यात दोन आर आणि शेवटी ई. तो इटालियनमधून फ्रेंचवाटे आला, तिकडे त्याचा अर्थ रागीट असा होता. दोन्ही शब्द दहा-दहा वेळा लिहून काढ, हाताला लक्षात राहतं.

प्रश्न : क्रिकेटच्या समालोचनात ‘लेफ्ट आर्म अनऑर्थोडॉक्स’ म्हणतात. गोलंदाज काय परंपरा मोडतो? (एक वाचक, पर्वती)

उत्तर : ग्रीक ‘ऑर्थो’ म्हणजे सरळ, ऑर्थोपेडिकमध्ये आहे तोच. ‘डॉक्सा’ म्हणजे मत. डावखुरा फिरकी गोलंदाज बहुतेक वेळा बोटांनी चेंडू वळवतो, ती झाली ऑर्थोडॉक्स रीत. कुलदीप यादव मनगटाने वळवतो, म्हणून अनऑर्थोडॉक्स. या गोलंदाजीला पूर्वी ‘चायनामन’ म्हणत. ‘विस्डेन’ या क्रिकेटच्या वार्षिकाने 2018 च्या अंकापासून तो शब्द टाकला, कारण त्यात एका समाजाची हेटाळणी होती. मला तो निर्णय फार योग्य वाटतो. मराठीत ‘डावखुरा मनगटी फिरकी गोलंदाज’ म्हटलं की काही उरत नाही.

प्रश्न : माझ्या पुतण्याने निबंधात लिहिलं, ‘माय अंकल इज मिरॅक्युलस.’ त्याला ‘काका चमत्कारिक आहे’ असं म्हणायचं होतं. (एक काका, धनकवडी)

उत्तर : त्याचा हिशेब सरळ होता. चमत्कार म्हणजे मिरॅकल, तर चमत्कारिक म्हणजे मिरॅक्युलस. पण आपल्या चमत्कारिकातला चमत्कार केव्हाच विझला, आता उरला आहे तो नुसता अवघडलेपणा. त्याला इंग्रजीत ‘ऑड’ पुरे. विषम संख्येलाही ऑडच म्हणतात. जोड्या लावून झाल्यावर जो एकटा उरतो, तो. उलट प्रवास केलेला शब्द पाहायचा असेल तर ‘विलक्षण’ घ्या. लक्षणांत न बसणारं ते विलक्षण, पण मराठीत ते कौतुकाचं झालं, एक्स्ट्रॉर्डिनरी. आणि ‘अफलातून’ म्हणजे तर साक्षात प्लेटो. ग्रीक तत्त्ववेत्त्याचं अरबी नाव आपण मिसळीच्या तर्रीला लावतो. पुतण्याला हे सांगा, त्याला आवडेल.

प्रश्न : ‘काय नग आहे!’ याला इंग्रजीत काय म्हणाल? आमच्या मावशीबद्दल सुनेला सांगायचं आहे. सून केरळची आहे, मराठी शिकते आहे. (एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : ‘शी इज क्वाइट अ कॅरेक्टर.’ पण सून मराठी शिकते आहे ना? मग तिला ‘नग’च शिकवा, आणि मावशींना एकदा प्रत्यक्ष भेटवा.